देवाला सोडलेला कोंबडा

रवळू गावडेनं सख्ख्या वहिनीला भर दुपारी अंगणातून हाकलून दिलं. वाडीतल्या चार बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या, त्यांच्या देखत. आणि मागितलं काय होतं तिनं? सोनं नाही, जमीन नाही. एक खुडूक कोंबडी, अंडी उबवण्यापुरती, उसनी.

"भावजी, तीन कोंबड्या खुडूक बसल्यात तुमच्या. एक द्या," हौसावहिनी म्हणाली. कडेवरच्या टोपलीत तिनं भुशात घालून अंडी आणली होती. "पिलं हिंडाय लागली की कोंबडी परत आणून सोडते. वर दोन पिलं तुमची."

"आणि तुमचा तो कंपनीचा कोंबडा माझ्या कोंबडीवर चढला म्हणजे?"

"कोंडून ठेवते की त्याला."

"तुमच्या शब्दावर? बांध सरकवताना दादानं पण शब्दच दिला होता. चला, व्हा बाहेर. आणि ती अंडी तळून खावा."

"मेलेल्या माणसाला मधी आणू नका," हौसावहिनीचा आवाज चढला. "खुडूक कोंबडी मागितली आणि मिळाली न्हाई, असं ह्या वाडीत आजवर कुणाच्या दारात झालं न्हाई."

"आता झालं. सांगा जावा सगळ्यांना."

सांगायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत धामणवाडीच्या प्रत्येक चुलीपुढं तीच कथा शिजत होती. रवळू मात्र खुशीत होता. वहिनीला दारातून परत पाठवल्याचा त्याला इतका आनंद झाला, की त्यानं कोंबड्यांना मूठभर नाचणी जास्त टाकली. असा माणूस! पन्नाशी उलटली, लग्न झालं नाही. ह्या तोंडाला मुलगी देणार कोण?

वाडीच्या वर, चंदगडकडच्या त्या डोंगरावर, काजूच्या बागेत त्याचं एकट्याचं घर होतं आणि भोवती गुंजी कोंबड्या. राखी अंग, आखूड पाय आणि गुंजेसारखे लालभडक डोळे, म्हणून गुंजी. अंडी कमी घालते, पण उबवायला बसली की तिला उठवायला कुणाच्या बापाची टाप नाही. मुंगसाच्या तोंडावर चोच मारते. ही जात एके काळी सगळ्या वाडीत होती. आता जगात कुठं उरली असेल तर ती रवळूच्या परड्यात. अकरा कोंबड्या आणि सुभेदार नावाचा एक म्हातारा कोंबडा.

बाकीच्या गेल्या साथीत. बर्ड फ्लूच्या त्या साथीनं खालची खुराडी आठ दिवसांत ओस पाडली होती. रवळूचं घर वर, एका बाजूला, आणि त्याच्याकडे कुणी जात-येत नव्हतं, म्हणून त्याच्या कोंबड्या वाचल्या. माणूसघाण्या स्वभावाचा आयुष्यात एवढाच काय तो उपयोग झाला. साथीनंतर कंपनीची गाडी आली आणि दर वाडीला फुकट कोंबडे वाटून गेली.

ते कोंबडे साधे नव्हते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरला, की स्वतःच्या प्रती काढायला कोंबडीच्याच अंगातलं एक प्रथिन वापरतो. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचं जनुक जरासं बदललं. विषाणू आत येतो, पण हत्यारच सापडत नाही, तसाच मरतो. इथवर छान. पण बापाचा गुण पोरात उतरायचा, तर एरवी निम्मी शक्यता. तेवढ्यावर साथ थांबणार नाही, म्हणून त्या जनुकाच्या सोबत त्यांनी एक कात्रीही ठेवून दिली. पिलू अंड्यात तयार होत असतानाच ती कात्री आईकडून आलेलं जुनं जनुक कापते. पेशी ती फट बुजवायला जाते आणि नव्या जनुकाचीच नक्कल तिथं उतरवून घेते. म्हणजे एकच कोंबडा गावात सोडा, त्याची सगळी पिलं तशीच, आणि त्या पिलांची पिलंही तशीच. पाच वर्षांत महाराष्ट्रात जुन्या जनुकाची कोंबडी शोधून सापडेना.

साथ थांबली, हे खरंच. आणि मग बायकांच्या लक्षात आलं, की कोंबड्या खुडूक होत नाहीत. अंडी घालतात, उठतात, चालू लागतात. ते प्रथिन कोंबडीच्या मेंदूतही एक बारीक काम करत होतं. अंडी घालून झाली की 'आता बस' असं सांगणारं संप्रेरक त्याच्या जोरावर चालायचं. चाचण्या घेतल्या होत्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांवर, आणि पोल्ट्रीत खुडूक होणं हा दोषच समजतात. तेव्हा ते कुणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी कुणी रडलं नसतं. उबवायचं यंत्र आणावं, तर वाडीत वीज धड चार तास टिकत नाही. विकत आणलेल्या पिलांना घारीची सावली म्हणजे काय ते शिकवायला आई नाही. डोंगरावर आठवड्यात निम्मी उचलून नेलेली असतात. मग दर हंगामाला पुन्हा कंपनीची पिलं आणा. नवरा धोंडिबा गेल्यापासून हौसावहिनीचं घर कोंबड्यांवर चाललं होतं, आणि असं फार दिवस चालणार नव्हतं.

रवळूलाही एक धास्ती होतीच. कोल्हापूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून डॉ. नसीमा मुजावर त्याच्याकडे येऊन गेल्या होत्या. त्यांनी कोंबड्यांचं रक्त तपासलं आणि खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

"गावडे, ह्या शुद्ध आहेत. तीसेक अंडी द्या मला. अडीच दिवस उबवलेल्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तात बीजपेशी फिरत असतात. त्या काढून गोठवल्या, की जात कायमची वाचली. पुढं कुठल्याही कोंबडीच्या पोटी गुंजी जन्माला घालता येईल. फक्त अंडी हातात पडेपर्यंत बाहेरचा नर आत येता कामा नये."

रवळूनं त्यातून स्वतःला सोयीचं तेवढं घेतलं: बाहेरचं कुणी आत नको, आणि आपलं काही बाहेर नको, अंडीसुद्धा.

*

हाकलल्याच्या आठव्या दिवशी हौसावहिनीनं रवळनाथाला कोंबडा सोडला.

धामणवाडीत देवाला कोंबडा सोडायचा म्हणजे कापायचा नाही. पायात लाल दोरा बांधून देवळापुढं मोकळा करायचा. मग तो देवाचा. कुणाच्या परड्यात दाणे टिपो, कुणाच्या ओट्यावर घाण करो, त्याला हाकलायचं नाही, धरायचं नाही, कोंडायचं नाही. त्याच्या अंगाला हात लावला, तर त्या घराचा देवळातला मान गेला आणि वाडीचा शेजारही गेला. हौसावहिनीनं सोडला तो कंपनीचाच कोंबडा, पांढराधोप, बोकडाएवढा माजलेला. सोडताना टोपलीतून डोंगराच्या पायथ्याशी बाजरीही सांडत गेली म्हणतात. बाजरी आपोआप सांडली असेल, टोपली जुनी असेल, कुणास ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रवळूच्या काजूवर बसून आरवत होता.

रवळूच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यानं सगळ्या कोंबड्या आणि सुभेदार खुराड्यात कोंडले. मग कोयता घेऊन झाडाखाली आला आणि वर बघत राहिला. लाल दोरा वाऱ्यावर हलत होता. त्याचं नाव रवळू, ते ह्याच देवाचं. त्याच्या आईनं नवसानं मागून घेतलेलं पोर ते. कोयता काही हातून उचलला गेला नाही.

तो तडक खाली गेला आणि वहिनीच्या फाटकातून आत न शिरता ओरडला, "कसला नवस होता तुमचा?"

"गुडघा दुखत होता. राहिला."

"गुडघ्यासाठी कोंबडा सोडला? मला उठवायला सोडला तुम्ही!"

"देवाच्या कोंबड्याला देव घेऊन जातो," हौसावहिनी अंगण झाडत म्हणाली. "तुमच्याकडं आला असंल, तर भाग्य समजा."

पाच-सहा दिवसांत रवळूचे हाल कुत्रं खाईना. गुंजी ही माळावर फिरणारी जात, कोंडून राहणारी नव्हे. खुराड्यात त्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. उकाड्यानं चोची उघड्या पडल्या. अंडी बंद झाली. खुडूक बसलेल्याही उठल्या. बाहेर देवाचा कोंबडा खुराड्याभोवती पंख पाडून गोल फिरत होता आणि रवळू त्याला वाटेल त्या शिव्या देत होता. शिव्या द्यायला मनाई नव्हती.

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पण तुम्ही वहिनींना कोंबडी का नाही दिली?"

"तुम्हीच म्हणाला होता!"

"मी बाहेरचा नर नको म्हटलं होतं. कोंबडीचं स्वतःचं काही बदलत नाही हो, बदलतात ती तिची पिलं. नराचं बीज तिच्या पोटात फार तर तीन आठवडे टिकतं. कोंबडी परत आली की महिनाभर वेगळी ठेवायची, तेवढ्या दिवसांची अंडी खाऊन टाकायची, संपलं. एवढं विचारलं असतंत तर हे झालंच नसतं."

रवळूनं फोन ठेवला. चूक कळली, पण चूक कळली म्हणून माणूस सुधारतो थोडाच! त्याला राग आला तो डॉक्टरीणबाईंचाच.

आणि त्या रागातच त्याला एक युक्ती सुचली. देवाच्या कोंबड्याला माणसानं हात लावायचा नाही. कोंबड्यानं लावायचा नाही, असं कुणी सांगितलंय?

धोका होता. सुभेदार म्हातारा, आणि तो मेला तर जात संपली. रवळू खुराड्यापुढं बराच वेळ उकिडवा बसून राहिला. खुराड्यात कोंबड्या धापा टाकत होत्या. हे असंच आणखी आठवडाभर चाललं, तर त्या नुसत्या उकाड्यानं मरतील, हे त्याला दिसत होतं. शेवटी त्यानं कडी काढली, सुभेदाराला तेवढा बाहेर घेतला आणि म्हणाला, "जा. आपली अब्रू तुझ्या नखात."

पांढरा कोंबडा अंगानं दुप्पट होता, पण तो पोल्ट्रीच्या वंशाचा, भांडण त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. सुभेदारानं पहिल्या दोन उड्या चुकवल्या, तिसरीला वर गेला आणि पायामागची टोकदार आरी त्याच्या मानेत रुतवली. रक्त बघून रवळूला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तो ओरडलाच. इतक्या मोठ्यानं ओरडला, की खालच्या शेतातली माणसं वर धावत आली आणि त्यांनी मेलेला देवाचा कोंबडा पाहिला.

*

देवळात वाडी जमली. गुरव बाळू, जो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला मध्ये बसवलं होतं.

"मी हात लावला नाही," रवळू म्हणाला. "रवळनाथाची आण. कोंबडा कोंबड्याशी भांडला."

"कडी कुणी काढली?" हौसावहिनीनं विचारलं.

"मीच," रवळू म्हणाला. आण घेऊन बसलेला माणूस, खोटं बोलेल कसा?

"मी कोंबड्याच्या जिवाची भरपाई मागत न्हाई," हौसावहिनी गुरवाला म्हणाली. "देवाचा कोंबडा गेलाय, देवाला कोंबडा द्यावा. आणि जो जिंकला, तोच द्यावा. देवाला पडका माल कशाला?"

सगळ्या वाडीनं मान डोलावली. ज्या बायकांना रवळू कधी काळी टाकून बोलला होता, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, त्यांनी तर जरा जास्तच डोलावली. बाळू गुरवानं देवाकडे पाहिलं, रवळूकडे पाहिलं आणि तसाच निवाडा दिला.

रवळूनं सुभेदाराला आणून देवापुढं ठेवलं. गुरवानं दोरा बांधला. लोकांना वाटलं आता रवळू रडेल, पण त्याच्या मिशीत हसू होतं. का नसेल? कोंबडा दिवसभर कुठंही हिंडो, कंपनीच्या कोंबड्यांवर चढो, त्यानं त्याचं स्वतःचं बीज काही नासत नाही. आणि संध्याकाळ झाली, की तो आपल्या घरी परत येणार. आला, की त्याला अडवायची कुणाची छाती आहे? तो तर देवाचा!

संध्याकाळ झाली. रवळू अंगणात नाचणीचं सूप घेऊन बसला. सुभेदार आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रवळूनं बांधावरून खाली वाकून पाहिलं. हौसावहिनीच्या परड्यात वीस-पंचवीस गुबगुबीत पांढऱ्या कोंबड्या, त्यांचा कोंबडा देवाघरी गेलेला, आणि त्यांच्या मधोमध सुभेदार छाती काढून चाललेला. चोचीनं दाणा उचलायचा, खाली टाकायचा, सगळ्यांना बोलवायचा. म्हातारपणी नशीब उघडलं होतं त्याचं.

"अरे हरामखोरा!" रवळू वरून ओरडला. सुभेदारानं मानसुद्धा वळवली नाही.

*

दोन आठवडे सुभेदाराची वाट बघून झाली. आता हिशेब सरळ होता. सुभेदाराला धरून आणायचा नाही, तो देवाचा. तो आपण होऊन येत नाही. कोंबड्यांच्या पोटातलं त्याचं जुनं बीज संपत आलेलं. मोकळ्या सोडल्यावर त्या पुन्हा अंडी घालू लागल्या होत्या, पण आणखी आठवड्यानं घातलेल्या अंड्यात काही नसणार. आणि म्हातारा कोंबडा उघड्यावर, कोल्हा आला तर एका रात्रीचा सोबती.

रवळूनं दोन डालग्यांत अकरा कोंबड्या भरल्या, कावड केली आणि डोंगर उतरला. वहिनीच्या फाटकापाशी त्यानं कावड ठेवली. वाडी बांधावर जमायला वेळ लागला नाही.

"काय काम काढलंसा?" हौसावहिनी आतूनच म्हणाली.

"कोंबडा हवाय."

"न्या की धरून."

"उगाच बोलू नका. कोंबड्या आणल्यात. आठवडाभर तुमच्या परड्यात राहू द्या. फाटक लावून घ्या, दुसरा नर येऊ देऊ नका. मग मी नेतो."

"माझ्या शब्दावर ठेवणार?"

रवळूनं दात आवळले. "ठेवतो."

हौसावहिनी फाटकापाशी आली. डालग्याच्या फटीतून तिनं एका कोंबडीकडे पाहिलं आणि क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. सासूच्या काळात ह्याच कोंबड्या ह्या परड्यात होत्या. पण ती रवळूकडे वळली तेव्हा पहिल्यासारखीच होती.

"आठवडाभर न्हाई. ठेवायच्या तर कायमच्या. तुमची अंडी झाली की तुम्ही कोंबड्या घेऊन वर जाणार, आणि पुढल्या सालाला मी परत टोपली घेऊन तुमच्या दारात. ते मला आता जमायचं न्हाई, भावजी."

"माझ्या कोंबड्या घशात घालणार तुम्ही?"

"तुमच्या कशा? सासूबाईंच्या. तुम्ही एकट्यानं सांभाळल्या, त्याचं नाव आहे. पण एकट्यानं सांभाळून काय केलंत? एक कोंबडा उरवलात."

रवळूनं कावड उचलली आणि चालू लागला. मागं कुणीतरी हसलं. वळणावरच्या जांभळीपर्यंत तो तसाच तणतणत गेला आणि तिथं त्यानं कावड टेकवली. ऊन चढलं होतं. कोंबड्या चोची उघडून बसल्या होत्या. त्याला वाटलं, मरू दे सगळं. माझ्याकडे नाही, तर कुणाकडेच नाही. असं त्याला खरोखर वाटलं, आणि ते वाटल्याची त्याला भीती वाटली. डालग्यातली एक कोंबडी तेवढ्यात खालच्या चाऱ्यात पोट रुतवून बसू लागली, पंख पसरून, पोटाखाली अंडं नसतानाही. रवळूनं तिच्याकडे बघत दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग कावड उचलली आणि परत खाली आला.

"ठेवा," तो म्हणाला. "कायमच्या ठेवा."

हौसावहिनीनं फाटक उघडलं, डालगी आत ओढली आणि फाटक लावलं. रवळू बाहेरच राहिला.

"ती तुटक्या नखाची आहे ना, तिला पहिल्या दिवशी हात लावू नका. आणि नाचणी भिजवून—"

"मला सासूबाईंनी शिकवलंय. तवा तुम्ही गोट्या खेळत होतासा."

*

महिन्यानं डॉ. मुजावर गाडी घेऊन आल्या. त्या दिवसांत वाडी बदलली होती. गुंजीची चार अंडी हौसावहिनीनं चार घरी वाटली होती, खुडूक कोंबड्या उसन्या फिरत होत्या, एका डालग्यातून दुसऱ्या डालग्यात; परत आलेली कोंबडी महिनाभर वेगळी ठेवायची, हे रवळूनं फाटकाबाहेरून ओरडून सांगून ठेवलं होतं. रवळूकडे कुणी कोंबडी न्यायला येत नव्हतं, कारण त्याच्याकडे कोंबडीच नव्हती. तो रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा, आतल्या चुका मोठ्यानं मोजून दाखवायचा, आणि हौसावहिनी त्याला ऐकू येईल असं भांड्यांची आदळआपट करायची. आत यायला तिनं त्याला एकदाही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी अंडी एकेक करून पेटीत ठेवली, तपासून घेतली आणि खूश होऊन म्हणाल्या, "शुद्ध आहेत, सगळी. आता ही जात मरत नाही. गोठवलेल्या पेशींसोबत वाण सांभाळणाऱ्याचं नाव राहतं. शंभर वर्षांनी कुणी बाहेर काढल्या तरी ते नाव दिसेल. कुणाचं घालू?"

हौसावहिनी एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई, पण ह्या वेळी पदराला हात पुसत राहिली. डॉक्टरीणबाईंनी फाटकाकडे पाहिलं. बांधावरच्या बायकाही फाटकाकडेच बघत होत्या.

रवळूला कितीतरी वर्षांचं सगळं आठवलं. उन्हातान्हात कोंबड्या राखल्याचे दिवस, साथीत दाराशी केलेली रात्रंदिवसची राखण, एकट्यानं. 

"हौसाबाई धोंडिबा गावडे," तो म्हणाला. "नीट घाला. धोंडिबाचं पण घाला."

डॉक्टरीणबाईंनी घातलं. हौसावहिनीनं पेटीचं झाकण लावायला मदत केली आणि मग ती फाटकापाशी आली. डोळे लाल होते, पण आवाज तोच.

"झालं न्हवं तुमचं? मग असं फाटकात उभं राहू नका. कोंबड्या बुजतात."

रवळू बाजूला झाला.